बोलवायला कोण आलं होतं?

मी तुमसरचा. धानगिरण्यांच्या भोंग्यांखाली वाढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही आणि कमी सांगणंही जमत नाही. तेव्हा या लेखातलं जे पटणार नाही ते वाचकांनी खुशाल अर्धं करून घ्यावं. फक्त एक गोष्ट अर्धी करू नका. मी त्या माणसावर जळत होतो, आणि जेवढं सांगतो आहे त्याच्या दुप्पट जळत होतो.

तो माणूस म्हणजे माझा शेजारी पटवारी. सरकारी कागदात आम्ही तलाठी, पण भंडारा जिल्ह्यातल्या गावांनी आम्हाला कधी पटवाऱ्याच्या वर चढू दिलं नाही. सत्तरचं दशक सरत आलं होतं. साकोली तालुक्यात, सानगडीच्या आसपास, माझ्याकडे पाच गावांचा सजा, म्हणजे पटवाऱ्याचा इलाखा, होता आणि त्याच्याकडे लागून असलेल्या चार गावांचा. मध्ये एक जुना तलाव. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, अलीकडे माझं राज्य, पलीकडे त्याचं. गडी कारध्याचा, वैनगंगेच्या काठचा. बारीक, सावळा, आणि बोलायचा असं की जणू प्रत्येक शब्दासाठी आधी अर्ज केला आहे. त्याच्या सायकलीला कॅरियर नव्हतं, म्हणून दप्तर पाठीला बांधून यायचा. माझी सायकल नवी कोरी, हिरवी, डायनमोच्या दिव्याची. माझी उंची जास्त, आवाज मोठा, अक्षर मोत्यांसारखं, नोकरी त्याच्याहून चार वर्षं जुनी. आणि तरी तालुक्याच्या सभेत दर महिन्याला पहिला सजा त्याचा.

आधीच्या तहसीलदारांच्या काळात पहिला-दुसरा असा प्रकारच नव्हता. सगळे पटवारी सारखेच आळशी धरले जायचे आणि सगळ्यांना सारख्याच शिव्या मिळायच्या. मोठा सुखाचा काळ होता. मग देशावरून एक तरुण तहसीलदार आला. त्यानं कचेरीच्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावला आणि एकेका सजावर रंगीत टाचणी टोचली. काम चांगलं तर हिरवी, बरं तर पिवळी, वाईट तर लाल. वर भाषण: "काम सगळेच करतात. पण कोणतं आधी करायचं, कोणतं मागाहून, आणि कोणतं करूनही उपयोग नाही, एवढं ज्याला कळतं त्यालाच मी पुढे नेणार." मी मनात म्हटलं, हा आपलाच माणूस. करून उपयोग नाही अशा कामांची यादी माझ्याइतकी लांब अख्ख्या विदर्भात कोणाकडे नव्हती.

पण माझ्या सजावर पिवळी टाचणी. तलावाच्या पलीकडे हिरवी. सहा महिने मी ती हिरवी टाचणी पाहत होतो. जेवताना वरणात ती दिसायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत कचेरी रिकामी पाहून मी दोन्ही टाचण्यांची अदलाबदल केली. दुपारी तहसीलदार आले, नकाशासमोर उभे राहिले, आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "टाचणी बदलली तरी भोक तेच राहतं, फक्त नवी टाचणी त्यात ढिली बसते." दोन्ही टाचण्या जागच्या जागी गेल्या. माझा शेजारी खाली मान घालून दप्तराची गाठ सोडत होता. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. निदान भांडायला जागा मिळाली असती.

अशात आमचे मंडळ निरीक्षक निवृत्त व्हायला आले. आर.आय. म्हणायचो आम्ही त्यांना. पटवाऱ्यांवरचा माणूस तो. त्यानं आमची दप्तरं तपासायची आणि आम्ही उठून उभं राहायचं. तहसीलदारांनी भर सभेत सांगून टाकलं की दिवाळीच्या आत त्या खुर्चीचा प्रभार तलावाच्या दोन बाजूंच्या दोघांपैकी एकाला मिळेल. कसोटी एकच: यंदाच्या हंगामाची पीक पाहणी. दसऱ्यानंतर साहेब स्वतः शेतात उतरून कोणतेही तीन गट तपासणार, आणि तपासताना दोघांनी एकमेकांच्या सजात हजर राहायचं.

मला ती खुर्ची हवी होती. कशी हवी होती ते सांगतो. माझ्या सासऱ्यांनी त्याच आठवड्यात त्यांच्या गावात सांगून टाकलं की जावई आर.आय. झाले. साळा तर मला भेटल्यावर वाकून "आरआय साहेब" म्हणाला. बायको तेवढी शहाणी.

"अवो, पहिले व्हा तं खरं," ती म्हणाली. "त्या पलीकडच्या भाऊचं काम लय चांगलं आहे म्हणते सगळे."

"कोण म्हणते?"

"सगळे म्हणते. मी बी म्हणतो." आमच्याकडे बायाही 'म्हणतो', 'करतो' असंच बोलतात.

त्या दिवशी मी भाजीत मीठ नाही म्हणून उठलो. मीठ होतं.

आता पीक पाहणी म्हणजे काय ते थोडक्यात. पटवाऱ्यानं प्रत्येक शेतावर जायचं, पीक कोणतं ते पाहायचं आणि ती जमीन खरोखर कोण कसतं ते लिहायचं. पहिली गोष्ट आमच्याकडे सोपी. झाडीपट्टीत पावसाळ्यात धान. गेल्या वर्षी धान, यंदा धान, पुढच्या वर्षी जगलो तर धान. ते मी कार्यालयासमोरच्या आंब्याखाली बसून लिहायचो आणि एका बैठकीत अडीचशे शेतं फिरून यायचो. अडचण दुसऱ्या रकान्यात होती. कागदावर नाव एकाचं, नांगर दुसऱ्याचा. थोरल्या भावाच्या नावावर जमीन, पण राबते धाकट्याची विधवा. गुमास्ता म्हणतो मालक कसतो, मालक नागपूरला. विचारावं तर जो तो आपल्या सोयीचं सांगतो. म्हणून तो रकाना मी गेल्या वर्षीच्या वहीतून सुंदर अक्षरात उतरवून घ्यायचो. गेल्या वर्षीचा त्याच्या आदल्या वर्षीवरून आला होता, आणि असंच मागे मागे गेलं तर तो रकाना बहुधा इंग्रज साहेबानं भरला होता.

आणि नेमका तोच रकाना त्याचा बिनचूक. त्याच्या चार गावांतून वहिवाटीचा वाद तहसीलला जातच नव्हता. तो हे करतो कसं, या एका विचारानं मी आषाढभर जागेवर बसू शकलो नाही. शेवटी माझ्या कोतवालाला पलीकडे पाठवलं. म्हातारा, काटक, डोक्याला कायम पिवळसर फडकं. बाजाराच्या निमित्तानं गेला आणि दुसऱ्या दिवशी तोंड लपवत आला.

"काय करते तो?"

"सांगू नोको वाटते साहेब."

"सांग ना बापा!"

"रोवण्यात बसते. बायांमंदी. सकाळपासून."

मला इतका आनंद झाला की मी त्याला बसायला माझी खुर्ची दिली. रोवणा म्हणजे धानाची लावणी. पंधरा-वीस बायांची टोळी गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत जाते. त्यांच्यात हा सरकारी नोकर सकाळपासून बसतो! मी मनातल्या मनात निनावी तक्रारअर्जाचा मसुदा तयार केला. असा सुरेख मसुदा मी खऱ्या नावानंही कधी लिहिला नव्हता. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो पाठवणं बरं नव्हे, म्हणून तलावाच्या पाळीवरून, मोहाच्या झाडाआडून, पाहायला गेलो.

धानाच्या शेताच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. तो धुऱ्यावर छत्री घेऊन बसला होता. मांडीवर नकाशा, त्यावर मेणकापड. बाया पाठमोऱ्या, ओळीत, पऱ्हे लावत सरकत होत्या. टोळीची म्होरकी, साठीची बाई, मान वर न करता बोलत होती, आणि हा लिहीत होता. वारा माझ्याकडे वाहत होता म्हणून सगळं ऐकू आलं.

"आन ही पलीकडची लांबट बांधी, मावशी?"

"ते काल झाली."

"बोलवाले कोण आलं होतं?"

"धाकली आली होती. थोरला कायले येते? तो धुऱ्यावर बी आला नाही."

"आन त्याच्या खालची?"

"तिथं बोलवाले तो सानगडीचा भासा आला होता. मामाची जमीन, पर पऱ्हे त्याचे, बैल बी त्याचेच."

बस. एवढाच प्रश्न. बोलवायला कोण आलं होतं? मी मोहाला टेकून उभा राहिलो. कागदावर नाव कोणाचंही असो, रोवण्याच्या दिवसांत टोळी मिळवायला जो दारोदार फिरतो, हातापाया पडतो, तोच शेत कसतो. त्या दिवसांत बाया मिळणं म्हणजे राजाला सैन्य मिळण्यासारखं. दुसऱ्याच्या जमिनीसाठी एवढी खटपट कोणी करत नाही. मालक खोटं बोलेल, सरपंच खोटं बोलेल, टोळीला खोटं बोलायचं कारणच नाही. आणि गावातली प्रत्येक बांधी कोणत्या ना कोणत्या टोळीच्या हाताखालून जातेच. त्यानं अडीचशे जणांना विचारणं सोडून चार-पाच बायांना विचारलं होतं. हे मला का सुचलं नाही? माझं डोकं त्याच्याहून मोठं आहे. टोपीचा नंबर सांगू शकतो.

दुसऱ्याच दिवशी मी माझ्या सजातल्या रोवण्यात गेलो. पँट पांढरी, बूट काळे, छत्री त्याच्याहून मोठी. आमच्याकडे एक रीत होती. रोवण्याच्या धुऱ्यावर कोणी धुतल्या कपड्यांचा माणूस उभा राहिला की बाया पऱ्ह्यांची एक जुडी त्याच्या पायाशी टाकतात. त्यानं उतरून निदान एक ओळ लावायची, मग बोलायचं.

"या पटवारी भाऊ," म्होरकीनं जुडी टाकली. "पलीकडचे पटवारी तं दोन ओळी लावते."

हे ती बोलली नसती तर मी कदाचित उतरलो असतो. "मी सरकारी कामावर आहे," म्हटलं मी आणि मागे सरलो. मागे धुरा संपला होता. डावा पाय बांधीत गेला तो मांडीपर्यंत. तीन बायांनी ओढून काढलं तेव्हा पाय आला, बूट आला नाही. अठरा बाया एकाच वेळी हसल्या तर केवढा आवाज होतो हे ज्यांना माहीत नाही त्यांनी तुमसरचा भोंगा ऐकावा.

"काहून पळून राहिले भाऊ? खात नाही आमी!"

एका बुटानं सायकल चालवत परतताना मी ठरवलं की युक्ती त्याची, पण पद्धत माझी. तो बापडा धुऱ्याधुऱ्यावर फिरून महिना घालवतो. मी एका दिवसात उरकतो. कोतवालाकडून दवंडी दिली आणि पाचही गावांच्या टोळ्यांच्या म्होरक्या माझ्या कार्यालयात बोलावल्या. सतरंजी टाकली, चहा ठेवला, आणि काम रीतसर व्हावं म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि मोठमोठे जमीनवाले यांनाही खुर्च्या दिल्या. असा देखावा त्या कार्यालयात पुन्हा झाला नाही. मी उभा राहून गट नंबर पुकारायचो आणि विचारायचो, "बोलवायला कोण आलं होतं?"

बायांनी डोक्यावर पदर घेतले होते. नजरा सतरंजीवर.

"मालक," पहिली म्हणाली.

"कोणता मालक?"

तिनं खुर्च्यांकडे चोरून पाहिलं. "ज्याची जमीन आहे तो."

मी लिहिलं. दुसरी तेच म्हणाली, तिसरीही तेच. खुर्च्यांवरचे लोक माना डोलवत होते. माझ्या बुटाला साक्षी असलेली म्होरकी शेवटची होती. ती म्हणाली, "पटवारी भाऊ, हे बांधीत इचारलं असतं तं बरं झालं असतं."

"बांधीत चिखल आहे ना मावशी."

"आहे ना," म्हणाली, आणि चहा न पिता उठली.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एका दिवसात पाच गावं! नोंदी गेल्या वर्षीच्या वहीशी हुबेहूब जुळल्या, तेव्हा तर मी खूशच झालो. म्हटलं, इतकी वर्षं आपण बरोबरच होतो.

दसरा झाला. धान लोंबीवर आलं होतं. आधी त्याचा सजा. तहसीलदारांनी डोळे मिटून यादीवर बोट ठेवलं, तिन्ही वेळा मी मारोतीला नारळ कबूल केला, आणि तिन्ही वेळा त्याचा रकाना बरोबर निघाला. मग तलाव ओलांडून आम्ही माझ्याकडे आलो. पहिला गट बरोबर. दुसरा बरोबर. माझा ऊर भरून आला. तिसऱ्या गटावर एक बाई धुऱ्यावरचं गवत कापत होती. पांढऱ्या कपाळाची, चाळिशीच्या आतली.

"कोण कसतं?" साहेबांनी मला विचारलं.

मी वही वाचून थोरल्या दिराचं नाव सांगितलं. ती उभी राहिली.

"मीच करतो ना साहेब. नवरा गेला तेव्हापासून पाच पिकं माहीच आहेत."

तेवढ्यात दीर धापा टाकत आला. "तिचं काय आयकता साहेब? कागद पाहा. पटवारी साहेबांनी साऱ्या गावासमोर लिवलं आहे. मीच करतो."

दोघं समोरासमोर. साहेब माझ्याकडे पाहत होते आणि मी वहीकडे. मग ते माझ्या शेजाऱ्याकडे वळले. "तुम्ही विचारा."

तो पुढे झाला नाही. उलट माझ्याकडे पाहिलं, जणू परवानगी मागत होता. मी मान हलवली की नाही मला आठवत नाही. त्यानं हळूच विचारलं, "दादा, रोवण्याले टोळी बोलवाले कोण गेलं होतं?"

"टोळी? टोळी तं येतेच ना."

"किती बाया होत्या?"

दीर आकाशाकडे पाहायला लागला. बाई थांबलीच नाही. "अठरा होत्या. दुसऱ्या दिवशी सोळा. एकीचं लेकरू तापलं होतं, आन एक माहेरी गेली. तीनदा गेलो मी त्यांच्या घरी, तवा आल्या." शेजारच्या बांधीतून कोणीतरी ओरडलं, "खरी गोष्ट आहे! हेच आली होती!"

साहेबांनी वही मिटली आणि माझी नोंद कशी झाली होती ते माझ्याकडून वदवून घेतलं. माझ्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुम्ही विचारलंत तेच. पण विचारलंत कुठे?" आणि त्या बाईच्या वहिवाटीची वेगळी नोंद तिथंच, धुऱ्यावर बसून, माझ्याच मोत्यासारख्या अक्षरात करायला लावली. चार दिवसांनी हुकूम आला. प्रभार त्याला. शिवाय त्याच्या जुन्या चार गावांचा अतिरिक्त कार्यभार मला, नवीन माणूस येईपर्यंत. सासरे त्या दिवाळीला आले नाहीत. पाय मुरगळल्याचा निरोप आला.

तुम्ही म्हणाल, मग शहाणपण आलं असेल. छे. दुसऱ्या वर्षी माझ्या हातात त्याची गावं होती, त्याची वही होती, आणि डोक्यात एकच ध्यास: या वहीत एक चूक शोधायची. एकच. त्यासाठी मी रोवण्यात उतरलो. जुड्या टाकल्या तिथं ओळी लावल्या, माझ्या ओळी पाहून बाया म्हणायच्या, "साप गेला वाटते इथून." नऊ गावं, बांधी न् बांधी. एवढं काम मी उभ्या नोकरीत केलं नव्हतं आणि ते निव्वळ मत्सरापोटी केलं, हे सरकारनं माझ्या सेवापुस्तकात लिहायला हवं होतं.

आणि सापडली. तलावाच्या टोकाला, जंगलाला लागून, तीन बांध्या. त्याच्या वहीत नाव कागदावरच्या मालकाचं, पण राबणारा भलताच कोणी. मी दोनदा तपासलं. मग सायकल काढली आणि सानगडीच्या बाजारात जिथं आमचे नवे आर.आय. त्या दिवशी यायचे होते तिथल्या चहाच्या टपरीपर्यंत अशी हाणली की वाटेत एक एसटी मागे टाकली. ती पंक्चर होऊन उभी होती, पण टाकली.

वही त्याच्यापुढे आपटली. "हे पाहा, साहेब." साहेब शब्दावर मी जरा जास्तच जोर दिला.

त्यानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. पडलेलं तोंड बघायला वर्षभर थांबलो होतो. पण तोंड पडलं नाही. उजळलं.

"आवत्या आहे का हा, भाऊ?"

होता. आवत्या म्हणजे धान फेकून पेरलेलं. तिथं पऱ्हे नाहीत, रोवणा नाही, टोळी नाही, आणि म्हणून बोलवायला जाणारंही कोणी नाही. त्याचा प्रश्न तिथं मुका होता. तो टोळीला विचारायचा, टोळीला त्या बांध्या माहीतच नसायच्या, मग तिथला रकाना तो माझ्यासारखाच जुन्या वहीवरून भरायचा.

"तीन वर्षं झाली, मले हे खटकून राहिलं होतं," तो म्हणाला. "आवत्यावाली गावं तालुक्यात लय आहेत. तिथं काय विचारायचं हे सुचतच नाही मले. तुम्ही कसं शोधलं?"

खिशातून पेन काढून, माझ्यापुढे झुकून, तो वाट पाहत राहिला. मला उत्तर माहीत होतं. आवत्यात तण माजतं. निंदायला बाया लागतात, आणि त्यांना बोलवायला कोणीतरी जावंच लागतं. जंगलाकडच्या बांधीत निंदण करणाऱ्या दोघींनी मला नाव सांगितलं होतं. चार शब्दांचं उत्तर. पण आर.आय. साहेब पेन उघडून माझ्याकडे बघत होते, आणि असा दिवस रोज येत नाही.

"सांगतो," म्हटलं मी. "पहिले चहा तं सांगा."

त्यानं चहा सांगितला. तो मी बशीत ओतून, फुंकून, सावकाश प्यायलो. पेन उघडंच होतं.

"आता?" तो म्हणाला.

"अजून एक सांगा," मी म्हणालो. "आन संग भजे सांगा."